छोटा लेथ निवडताना: जे नंतर बदलत नाही, ते आधी पाहा

सुतारकामात एरवी लाकूड जागेवर असतं आणि हत्यार त्यावर चालतं. करवत, रंधा, पटाशी, सगळ्यांचं तसंच. लेथवर लाकूड फिरतं आणि हत्यार आपण स्थिर धरतो. त्यामुळे इथे वस्तू चांगली उतरण्यात हाताइतकाच यंत्राचाही वाटा असतो. यंत्र थरथरलं तर धार थरथरते आणि लाकडावर वळ उमटतात. नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. कित्येकांचा छंद इथेच सुटतो, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. सावंतवाडीच्या चितार आळीत लेथवर कातलेली, रंगवलेली लाकडी खेळणी आणि फळं आजही मांडलेली दिसतात. शेजारच्या कर्नाटकात चन्नपट्टणला फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानानं तिला चकाकी आणतात. हातानं दोरी ओढून चालवायच्या जुन्या लेथवर लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरायचं, म्हणजे कापणं अर्ध्याच वेळात व्हायचं. तरीही त्यावर उत्तम काम झालं, कारण काय कातायचं हे ठरलेलं होतं आणि यंत्र त्या कामाच्या मापाचं होतं. आज आपल्यापुढे पर्याय भरपूर आहेत, म्हणून हे ठरवणं जास्त गरजेचं झालं आहे.

निवडीसाठी मी एकच कसोटी सुचवेन. लेथच्या काही गोष्टी नंतर बदलता येतात: मोटर, पट्टा, टूल रेस्ट (हत्यार टेकवायची पट्टी), स्टँड, आणि जोडबेड (यंत्राच्या पाटाला लावायचा वाढीव तुकडा) मिळत असेल तर लांबीसुद्धा. काही गोष्टी मात्र यंत्राबरोबर कायमच्या येतात: बेडपासून (यंत्राच्या पाटापासून) स्पिंडलची (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याची) उंची, ओतीव लोखंडाचं वजन, स्पिंडलचे आटे आणि त्याच्या पोटातला टेपर (निमुळतं भोक), दोन्ही टोकांची एकरेषा. तुमचं लक्ष आणि पैसा या दुसऱ्या यादीवर आधी खर्च करा.

आधी वस्तू ठरवा

लेथवरच्या कामाचे ढोबळ मानानं दोन प्रकार. पहिल्यात लाकडाचे रेषे आसाच्या दिशेनं असतात आणि लाकूड दोन टोकांमध्ये धरलेलं असतं. लाटणं, ताक घुसळायची रवी, देव्हाऱ्याचे खांब, भोवरा, पेन, बाळाचा खुळखुळा ही या प्रकारातली कामं. दुसऱ्यात रेषे आसाला आडवे असतात आणि लाकूड एकाच बाजूनं चकात (जबड्यांच्या पकडीत) किंवा फेसप्लेटवर (स्क्रूनं लाकूड धरणाऱ्या तबकडीवर) बसवलेलं असतं. पोळपाट, वाडगा आणि ताटली या प्रकारात येतात.

पहिल्या प्रकाराला लांबी लागते, दुसऱ्याला व्यास. लांबीचा आकडा म्हणजे दोन सेंटरमधलं, लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकांमधलं, अंतर. व्यासाचा आकडा म्हणजे स्विंग, म्हणजेच स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंतच्या उंचीची दुप्पट. या दोन्ही आकड्यांत थोडी फसगत असते.

10 इंच स्विंगच्या यंत्रावर 10 इंचांचा पोळपाट कातता येईल असं वाटतं. पण टूल रेस्ट ज्या जाड पायावर बसते, तो पाया बेडवर उंचवट्यासारखा असतो. त्याच्यावरून फिरू शकणारा व्यास दोन-अडीच इंच कमी भरतो. पोळपाट आणि मध्यम वाडगे डोळ्यांपुढे असतील तर 12 इंच स्विंग पाहावा. फक्त लाटणी, पेनं आणि खेळणी करायची असतील तर 8 ते 10 इंच पुष्कळ झाले.

लांबीचंही तसंच. दोन सेंटरमध्ये 14 इंच अंतर असेल तर घरगुती लाटणं आरामात बसतं. पण त्याच यंत्रावर मिरीची गिरणी किंवा खोल डबी पोखरायची तर एका बाजूला चक अडीच-तीन इंच खातो, दुसऱ्या बाजूला ड्रिल चक आणि त्यातला बिट मिळून आणखी पाच-सहा इंच जातात. लाकडाला जागा उरते जेमतेम पाच इंच. म्हणून 16 ते 18 इंच अंतर छंदासाठी सोयीचं. यंत्राला जोडबेड मिळत असेल तर आज कमी लांबीचं घ्यायला हरकत नाही. स्विंग मात्र वाढवता येत नाही.

वजनाला पर्याय नाही

नवं लाकूड लेथवर चढतं तेव्हा ते कधीच पुरतं गोल आणि समतोल नसतं. 10 इंच व्यासाचा, 4 इंच जाडीचा ओला ठोकळा सहज चार-पाच किलो भरतो. त्याची एक बाजू किंचित जड असली तरी प्रत्येक फेऱ्याला यंत्राला हिसका बसतो. हा हिसका पचवायला वजन लागतं. 10 इंच स्विंगचा ओतीव लोखंडाचा छोटा लेथ साधारण 30 ते 40 किलोंचा असतो आणि 12 इंची त्याहून बराच जड. दोन नळ्यांवर किंवा पातळ पत्र्याच्या बेडवर उभं केलेलं यंत्र उचलायला हलकं वाटतं, पण तो हलकेपणा काम करताना नडतो.

स्टँड मात्र नंतरही भारी करता येतो. खाली फळी ठोकून तिच्यावर वाळूची पोती ठेवली की थरथर बरीच कमी होते. स्टँडची उंची अशी ठेवा की स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या पातळीला येईल. त्याहून खाली असेल तर तासाभरात पाठ भरून येते.

स्पिंडलची मापं: व्हर्नियर घेऊन जा

जाणकार गिऱ्हाईक दुकानात सर्वांत आधी स्पिंडलकडे वळतं. स्पिंडलच्या बाहेर आटे असतात, त्यावर चक आणि फेसप्लेट चढतात. आत टेपर असतो, त्यात सेंटर बसतात. लेथ एकदाच घेतला जातो, पण त्यावर चढणाऱ्या वस्तू आपण पुढची कित्येक वर्षं घेत राहतो. त्या सहज मिळायच्या तर माप प्रचलित असायला हवं.

बाहेरचा व्यास साधारण 25.4 मिलिमीटर आणि इंचात 8 आटे असतील तर ते 1 इंच × 8 हे अमेरिकेत सर्वाधिक चालणारं माप. 33 मिलिमीटर व्यास आणि 3.5 मिलिमीटर अंतराचे आटे असतील तर ते युरोपातलं एम33 × 3.5. लहान यंत्रांवर पाऊण इंच × 16 हेही माप आढळतं. यांपैकी कोणतंही चालेल. पण विक्रेत्याला माप सांगता येत नसेल किंवा आटे फक्त त्याच कारखान्याचे असतील, तर ते यंत्र सोडा. अमेरिकेतून किंवा जर्मनीतून येणारं कुणी तुमच्यासाठी चक आणणार असेल तर त्यांना आधी आपल्या स्पिंडलचं माप कळवा. पुष्कळ चकांत बदलता येणारी आट्यांची चकती असते, योग्य मापाची चकती त्याच वेळी मागवलेली बरी.

टेपरसाठी तोंडाचा व्यास मोजा. जवळपास 17.8 मिलिमीटर भरला तर मोर्स टेपर नंबर 2, आणि 12 मिलिमीटरच्या आसपास असेल तर नंबर 1. नंबर 2 घ्या. त्याची पकड जास्त भरवशाची आणि त्याचे सुटे भाग सर्वत्र मिळतात. हेडस्टॉक (मोटरकडचं टोक) आणि टेलस्टॉक (समोरचं सरकतं टोक) दोन्हीकडे हेच माप आहे ना, तेही पाहा. स्पिंडल आरपार पोकळ असेल तर अडकलेला सेंटर मागून सळईनं ठोकून काढता येतो.

सर्वांत कमी वेग किती, ते विचारा

जाहिरातीत सर्वांत जास्त वेग मोठ्या अक्षरांत छापतात. नवशिक्यानं विचारायचा तो सर्वांत कमी वेग. मिनिटाला 750 फेऱ्यांवर 10 इंची ताटलीची कड ताशी सुमारे 36 किलोमीटर वेगानं फिरते. तीच ताटली चुकून 3000 फेऱ्यांवर गेली तर कडेचा वेग ताशी 140 किलोमीटरच्या वर जातो. त्या क्षणी लाकडात दडलेली एखादी चीर उघडली तर काय होईल, याची कल्पना करता येते.

कातारी मंडळींचा एक ठोकताळा उपयोगी आहे: इंचातला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवावा. म्हणजे 3 इंचांच्या कामाला 2000 ते 3000 फेरे, 10 इंचांच्या कामाला 600 ते 900. ही मर्यादा गोल झालेल्या, समतोल लाकडासाठी. ओबडधोबड ठोकळा चढवला असेल तर याच्याही बऱ्याच खालून सुरुवात करायची. म्हणून वाडगे करायचे असतील तर यंत्राचा किमान वेग 500 किंवा त्याखाली हवा, 250 पर्यंत उतरत असेल तर उत्तमच. फक्त लाटणी आणि पेनांसाठी किमान 700-750 असला तरी अडत नाही.

वेग बदलायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवायचा. हे स्वस्त आणि टिकाऊ असतं, कमी वेगाला ताकदही चांगली मिळते, फक्त दर वेळी यंत्र थांबवावं लागतं. दुसरीत बटण फिरवून वेग हवा तसा कमीजास्त करता येतो. हे सोयीचं आहे, पण फक्त बटणाच्या भरवशावर वेग खाली आणला तर मोटर दमते. बटण आणि दोन-तीन पुल्या दोन्ही असलेलं यंत्र सर्वांत चांगलं. बजेट बसत नसेल तर पुलीचं घ्या, मोटर बदलून इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पुढे बसवून घेता येतं.

मोटर आणि आपली वीज

10 इंची यंत्राला अर्धा हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे 370 वॉट, पुरतो. 12 इंचीवर वाडगे करायचे तर पाऊण ते एक हॉर्सपॉवर असावा. मोटर सिंगल फेज, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची आहे हे पाटीवर वाचून घ्या. तिला अर्थिंग असलेला स्वतंत्र पॉइंट द्या, बोर्डावरून ओढलेली एक्स्टेंशन वायर नको.

स्विच कसा आहे हेही बघा. वीज गेल्यावर आपोआप बंद स्थितीत जाणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा स्विच हवा. आपल्याकडे कामाच्या मध्येच वीज जाते. साधा स्विच असेल तर ती परत आल्यावर यंत्र आपलं आपण सुरू होतं, आणि नेमका त्याच वेळी आपला हात चकाच्या चावीवर असू शकतो.

दुकानात करायच्या पाच चाचण्या

1. हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर बसवा, टेलस्टॉकमध्ये दुसरा. टेलस्टॉक सरकवत दोन्ही टोकं भिडवा. वरून आणि बाजूनं पाहा. टोकं एकमेकांसमोर नेमकी यायला हवीत. केसाएवढा फरक चालेल, डोळ्यांना सहज दिसणारा नाही.

2. पट्टा ढिला करून स्पिंडल हातानं फिरवा. खरखर जाणवू नये. मग स्पिंडल धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. जराही टकटक झाली तर बेअरिंग सैल आहे.

3. टूल रेस्ट आणि टेलस्टॉक सरकवून आवळा. एका हातानं, एका झटक्यात घट्ट बसायला हवेत. आवळल्यावर टूल रेस्टवर जोरानं दाबून पाहा, खाली बसता कामा नये. रेस्टच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा. खाचखळगे असतील तर ते कानशीनं घासून काढता येतात, हा दोष मोठा नाही.

4. टेलस्टॉकचं चाक उलट फिरवत त्यातली सरकती नळी पूर्ण आत घ्या. सेंटर आपोआप बाहेर पडला पाहिजे. नळी किमान दोन इंच बाहेर यायला हवी, भोकं पाडताना ती लागते.

5. यंत्र रिकामं चालवा, सर्वांत कमी वेगापासून सर्वांत जास्त वेगापर्यंत. बेडवर एक नाणं उभं ठेवा. ते उभं राहिलं तर समतोल चांगला. एखाद्याच वेगाला गुणगुण वाढत असेल तर बहुधा पट्टा किंवा पुली दोषी असते. सगळ्याच वेगांना थरथर असेल तर पुढच्या दुकानाची वाट धरा.

विक्रेता या चाचण्या करू देत नसेल, तर त्याच्याकडून घेऊ नका. ऑनलाइन मागवत असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि खोकं आल्या दिवशीच हे सगळं करून पाहा.

कोणता लेथ नको

हातातल्या ड्रिलला जोडून चालणारी चौकट घेऊ नका. ड्रिलचं बेअरिंग बाजूनं येणाऱ्या दाबासाठी घडवलेलं नसतं. बारक्या डीसी मोटरची अगदी हलकी यंत्रं मणी आणि अंगठ्यांपुरती ठीक आहेत, त्यांवर लाटणं कातायला जाऊ नका. धातूकामाचा लेथ कुणी स्वस्तात देत असेल तर मोह होतो. पण त्याच्या तेलकट मार्गांवर लाकडाचा भुसा बसून लगदा होतो, आणि हातानं धरायच्या हत्याराला तिथे नीट टेकू मिळत नाही.

जुना, ओतीव लोखंडाचा लाकडाचा लेथ मात्र जरूर पाहा. बंद पडलेली मोटर, झिजलेला पट्टा, वरवरचा गंज हे सगळं दुरुस्त होतं. बेडला तडा, वाकलेला स्पिंडल किंवा बिघडलेले आटे असतील तर नमस्कार करून परत या. इथेही कसोटी तीच.

अर्धे पैसे मागे ठेवा

सगळी शिल्लक यंत्रावर घालवू नका. जवळपास तेवढीच रक्कम बाकीच्या गोष्टींना लागते, आणि त्यांच्याशिवाय यंत्र नुसतं उभं राहतं.

हत्यारं हायस्पीड स्टीलची घ्या. साधं कार्बन स्टील ग्राइंडरवर निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, हायस्पीड स्टीलचं तसं होत नाही. सुरुवातीला चौकोनी लाकूड गोल करणारा रफिंग गाऊज, 3/8 इंचाचा स्पिंडल गाऊज, पार्टिंग टूल, स्क्यू आणि एक गोल तोंडाचा स्क्रॅपर पुरे. वाडगे करणार असाल तर बाऊल गाऊज वेगळा घ्या. रफिंग गाऊज वाडग्यावर कधीही वापरू नका. त्याची मुठीत जाणारी शेपटी अरुंद असते, आडव्या रेषांत तो अडकला की ती मोडते आणि पातं अंगावर येतं.

दुसरा खर्च धारेचा. लेथवर हत्यार मिनिटाला शेकडो फूट लाकूड कापतं, त्यामुळे धार दहा-पंधरा मिनिटांत बोथट होऊ शकते. 6 किंवा 8 इंची बेंच ग्राइंडर, त्यावर पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा दगड आणि कोन कायम ठेवणारा जिग, हा संच लेथच्या शेजारीच हवा. धार लावायला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं तर माणूस चालढकल करतो आणि बोथट हत्यार रेटत राहतो. लाकूड उचकटण्याचं आणि हत्यार अडकण्याचं मोठं कारण हेच असतं.

तिसरा खर्च चार जबड्यांच्या स्वयंकेंद्री चकाचा. तो पहिल्या दिवशी लागत नाही. पहिले काही महिने दोन सेंटरमधली कामं करा, मग घ्या. तोवर आपल्याला कोणते जबडे लागतील हेही कळलेलं असेल.

घर, शेजार आणि शरीर

फ्लॅटमध्ये लेथ चालतो, पण बेताबेतानं. यंत्राखाली जाड रबर घाला आणि दुपारच्या झोपेची वेळ टाळा. भुसा आणि बारीक धूळ वेगळी समजा. भुसा झाडून निघतो, पॉलिश पेपरची धूळ छातीत जाते. साग आणि शिसवाच्या धुळीनं काहींच्या कातडीला खाज सुटते, काहींना शिंका येतात. एन-95 मुखपट्टी वापरा. नुसता चष्मा पुरत नाही, पूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल घ्या. सैल बाह्या, ओढणी, मंगळसूत्र, गळ्यातली साखळी, मनगटाचा दोरा, हातमोजे यांतलं काहीही अंगावर नको. लांब केस बांधून आत खोचा.

सुरू करण्याआधी लाकूड हातानं एक पूर्ण फेरा फिरवून पाहा, टूल रेस्टला लागत नाही ना. स्विच दाबताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका. हत्यार आधी टूल रेस्टवर टेकवा, मग त्याची उतरती पाठ लाकडाला लावा, आणि त्यानंतरच मूठ हळूहळू उचलत धार कामाला लावा. हा क्रम अंगवळणी पडला की निम्मे अपघात टळतात.

पहिलं लाकूड

पहिल्या सरावाला महाग लाकूड नको. आंब्याची किंवा सुरूची दोन इंची चौकोनी कांडकी घ्या आणि तिच्यावर फुगीर मणी व खोलगट खाच, एकापाठोपाठ एक, कातत राहा. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन चालेल, पण खिळे आधी शोधा. पावसाळ्यात पडलेल्या फांद्या मिळत असतील तर परवानगीनं घ्या आणि त्याच दिवशी त्यांच्या कापलेल्या टोकांना मेण किंवा जाड रंग फासा, नाहीतर टोकांकडून चिरा पडतात. ओल्या लाकडाचा वाडगा दोनदा कातायचा असतो. पहिल्यांदा भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवून तो महिनोन्‌महिने सावलीत वाळवायचा, मग शेवटचा आकार द्यायचा. कोकणाच्या दमट हवेत याला देशावरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

शक्य असेल तर खरेदीआधी एखाद्या कातारी कारागिराच्या शेजारी बसून यंत्राचा आवाज ऐका, परवानगी मिळाली तर एक कांडकं स्वतः कातून पाहा. मग कागद घ्या आणि पुढच्या वर्षभरात करायच्या तीन वस्तू लिहा. त्यांचा सर्वांत मोठा व्यास आणि सर्वांत जास्त लांबी काढा, त्यात दोन-दोन इंच मिळवा. त्या मापात बसणारं, ओतीव लोखंडाचं, प्रचलित आट्यांचं, मोर्स टेपर नंबर 2 चं आणि हळू फिरू शकणारं यंत्र निवडा. रंग, डिजिटल आकडे आणि सोबतच्या फुकट हत्यारांचा संच यांकडे शेवटी पाहिलं तरी चालेल. मधल्या मापाचं, पण घट्ट आणि सरळ यंत्र तुम्हाला शिकू देईल, आणि पहिल्या वर्षी लेथकडून तेवढंच हवं असतं.